सुईण आणि बाळंतपणातील रक्तस्राव : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अध्ययन

प्रस्तावना

प्रादेशिक इतिहासाच्या लेखनात राज्यव्यवस्था, महसूल, शेती आणि चळवळी यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे बाळंतिणीच्या खोलीला मिळालेले नाही. वास्तविक, ग्रामीण स्त्रीच्या आयुष्यातील सर्वाधिक धोक्याचे तास याच खोलीत जात असत आणि त्या वेळी तिच्याजवळ गावची सुईण असे. भारताच्या महानिबंधक कार्यालयाने २००१-०३ या कालखंडासाठी केलेल्या पाहणीत मातामृत्यूंपैकी ३८ टक्के मृत्यू रक्तस्रावाने आणि ११ टक्के जंतुसंसर्गाने झाल्याचे आढळले. असे असूनही विसाव्या शतकातील दाई-प्रशिक्षणाचा मुख्य भर जंतुसंसर्ग टाळण्यावर राहिला. रक्तस्राव थांबविण्याचे साधन मात्र सुईणीच्या हाती फारसे दिले गेले नाही. असे का घडले व त्यात बदल कसा झाला, याचा यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीने विचार करणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

जिल्ह्याची पार्श्वभूमी

१८५३ मध्ये वऱ्हाड प्रांत निजामाकडून ब्रिटिशांच्या व्यवस्थेखाली आला. १८६४ मध्ये दक्षिण-पूर्व वऱ्हाड या नावाने वेगळा जिल्हा करण्यात आला. पुढे तो वणी जिल्हा म्हणून ओळखला गेला आणि १९०५ मध्ये त्यास यवतमाळ हे नाव मिळाले. त्याच वेळी वाशीम जिल्हा रद्द होऊन पुसद तालुका यवतमाळला जोडला गेला. वर्धा व पैनगंगा या नद्यांमधील हा प्रदेश डोंगराळ व जंगलव्याप्त असून अडाण, अरुणावती, पूस या नद्या आणि असंख्य नाले तो छेदून जातात. केळापूर, घाटंजी, मारेगाव, झरी-जामणी या भागांत गोंड, परधान व कोलाम समाजाची वस्ती आहे. महाराष्ट्रातील ज्या तीन जमाती विशेष असुरक्षित आदिम जमाती म्हणून गणल्या जातात त्यांत कातकरी व माडिया गोंड यांच्यासह कोलामांचा समावेश होतो. कोलामांची पोडे मुख्य गावापासून दूर असतात. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की पोडाचा संपर्क तुटतो.

ही भौगोलिक स्थिती प्रस्तुत विषयात गौण नाही. प्रसूतीनंतर अतिरक्तस्राव सुरू झाल्यावर उपचार न मिळाल्यास सुमारे दोन तासांत मृत्यू ओढवू शकतो. आधीच रक्तक्षय असलेल्या, तसेच विदर्भातील आदिवासी समाजांत आढळणाऱ्या सिकलसेल आजाराने ग्रस्त असलेल्या स्त्रीला त्याहून कमी रक्त गेले तरी ते जिवावर बेतते. म्हणून येथे रस्त्याचे अंतर हेदेखील मृत्यूचे एक कारण ठरते.

सुईणीची परंपरागत पद्धती

वऱ्हाडात सुईणीचे काम प्रामुख्याने मातंग व अन्य बलुतेदार समाजांतील अनुभवी स्त्रिया करीत. बाळंतपणातील रक्त विटाळाचे मानले गेल्यामुळे हे काम आवश्यक असूनही हीन समजले गेले. धान्य, लुगडे वा थोडे पैसे असा मोबदला मिळे. या स्त्रियांचे ज्ञान सासूकडून सुनेकडे, आईकडून मुलीकडे तोंडी चालत आले.

वार पडेपर्यंत नाळ न कापणे हा त्यांचा सर्वसाधारण नियम होता. वार अडकल्यास बाळंतिणीच्या तोंडात तिचेच केस घालून उबळ आणविण्याची रीत भारताच्या अनेक भागांत नोंदली गेली आहे. ही केवळ अडाणी समजूत आहे, असा समज सुशिक्षितांत आढळतो. परंतु सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातही वार न पडल्यास केस गुंडाळलेल्या बोटाने कंठ घासावा, असा उपाय सांगितला आहे. म्हणजेच ग्रंथपरंपरा व लोकपरंपरा यांची या ठिकाणी एकवाक्यता दिसते. या उपायाची मर्यादाही स्पष्ट आहे. वार गर्भाशयापासून सुटलेली असेल तर उबळीच्या जोराने ती बाहेर पडते. सुटलेली नसेल तर त्याचा उपयोग होत नाही आणि मोलाचा वेळ मात्र जातो.

पोट चोळणे ही दुसरी रीत होय. वार पडल्यावर गर्भाशयाचे स्नायू आवळले गेले म्हणजे तेथील रक्तवाहिन्यांची तोंडे मिटतात. गर्भाशय सैल राहिले तर रक्त वाहतच राहते. अतिरक्तस्रावाचे हेच सर्वांत मोठे कारण आहे. वार पडल्यानंतर बेंबीखाली हाताने चोळून गर्भाशय घट्ट करणे आधुनिक शास्त्रानेही उपयुक्त मानले आहे. मात्र मूल जन्मण्यापूर्वी पोट जोराने दाबणे किंवा न सुटलेली वार नाळ धरून ओढणे घातक ठरते. त्याचप्रमाणे प्रसूतीपूर्वीच रक्त जाऊ लागले तर वार खाली असण्याची शक्यता असते. अशा वेळी आतून तपासणी केल्यास रक्तस्राव अनावर होतो. या प्रसंगी स्त्रीला तातडीने रुग्णालयात नेण्यावाचून उपाय नसतो.

परंपरेतील खरी उणीव रक्ताच्या मापासंबंधी होती. बाळंतपणानंतर जाणारे रक्त ‘खराब’ असून ते गेलेलेच बरे, ही समजूत सर्वदूर होती. चिंध्या, राख व शेणाने सारवलेली जमीन यांत रक्त मुरून जाई. त्यामुळे किती रक्त गेले म्हणजे धोका, याची सीमारेषा ठरत नसे.

वसाहतकालीन प्रशिक्षण

१८८५ मध्ये डफरिन फंडाची स्थापना झाली. पुढील वर्षी आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयात आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र या विषयावर प्रबंध सादर करून पदवी मिळविली. १९०३ मध्ये लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ती निधी स्थापन झाला आणि परंपरागत दाईंना शिकविणे हे त्याचे उद्दिष्ट ठरले. तत्कालीन लेखनात दाईचे चित्र अस्वच्छ व घातक स्त्री असेच रंगविलेले आढळते. सूतिकाज्वर व धनुर्वात यांनी होणारे मृत्यू पाहता स्वच्छतेचा आग्रह योग्यच होता. परंतु त्यामुळे दाई म्हणजे दोष आणि प्रशिक्षण म्हणजे त्या दोषाचे निवारण, अशी चौकट तयार झाली.

१९३५ मध्ये इंग्लंडमध्ये अर्गोमेट्रिन हे गर्भाशय आवळणारे औषध वेगळे करण्यात आले. १९५३ मध्ये ऑक्सिटोसिनचे कृत्रिम संश्लेषण झाले. त्यामुळे रक्तस्राव थांबविण्याचे साधन निर्माण झाले. पण ते इंजेक्शनच्या रूपात होते आणि ऑक्सिटोसिनला २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानाची गरज होती. जेथे वीज नव्हती, परिचारिका नव्हती, तेथे त्याचा लाभ पोहोचणे अशक्य होते.

स्वातंत्र्योत्तर काळ

१९४६ च्या भोर समितीने देशात दरवर्षी सुमारे २ लाख स्त्रिया गर्भधारणा व प्रसूतीशी संबंधित कारणांनी मृत्युमुखी पडत असल्याचा अंदाज वर्तविला. पुरेशा सुशिक्षित परिचारिका तयार होईपर्यंत दाईंना प्रशिक्षण देण्याचा मार्ग स्वीकारला गेला. १९७७ च्या ग्रामीण आरोग्य योजनेने त्यास व्यापक रूप दिले. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पाते, स्वच्छ दोरा व स्वच्छ नाळ ही ‘पाच स्वच्छता’ सूत्रे गावोगावी पोहोचली. रक्तस्रावाबाबत दाईला मुख्यतः एकच सूचना होती : रुग्णालयात पाठवा. ज्या पोडाला बारमाही रस्ता नाही, तेथे ही सूचना पाळणे दाईच्या हाती नव्हते. १९८९ मध्ये यवतमाळ येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले व जिल्ह्याला मोठा आधार मिळाला. तथापि पोड ते यवतमाळ हे अंतर कायम राहिले.

औषध आणि मोजमाप : बेळगावचा प्रयोग

या प्रश्नास निर्णायक वळण देणारा प्रयोग मराठी भाषकांच्या सीमाभागात, बेळगाव जिल्ह्यात घडला. २००२ ते २००५ या काळात तेथील ग्रामीण भागात १,६२० स्त्रियांवर मिसोप्रोस्टॉल या गोळीची चाचणी घेण्यात आली. ही गोळी शीतपेटीशिवाय टिकते व तोंडाने घेता येते. घरी वा उपकेंद्रात होणाऱ्या बाळंतपणात सहायक परिचारिका-प्रसाविका, म्हणजेच ए.एन.एम., ती देत असत. २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आणि तीव्र रक्तस्रावाचे १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यावर आले. या संशोधनात बाळंतिणीच्या खाली पसरावयाची, मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी वापरली गेली. नुसत्या नजरेचा अंदाज पिशवीतील मापापेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने कमी भरतो, हेही तेथेच सिद्ध झाले. यावरून रक्त कमी लेखण्याची चूक केवळ अशिक्षित सुईणीची नव्हती, हे स्पष्ट होते. प्रशिक्षित डोळाही तेथे फसत होता.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान व जननी सुरक्षा योजना सुरू झाली. कुशल प्रसूतिसाहाय्यासंबंधीच्या २००५ व २०१० च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी ए.एन.एम.ना रक्तस्रावावरील जीवरक्षक औषधे देण्याचा मार्ग मोकळा केला. २०१४ मध्ये राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आली. महाराष्ट्राचे मातामृत्यू प्रमाण दर लाख जिवंत जन्मांमागे २००१-०३ मध्ये १४९ होते. २०१८-२० मध्ये ते ३३ वर आले. २०२३ मध्ये आफ्रिकेतील चार देशांत झालेल्या ‘ई-मोटिव्ह’ चाचणीत मापाची पिशवी आणि मालिश, औषधे व सलाइन यांचा एकत्रित तातडीचा उपचार यांमुळे तीव्र रक्तस्राव व त्याचे गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटले. बेळगावात सिद्ध झालेल्या मापनाच्या तत्त्वाला त्यातून जागतिक पुष्टी मिळाली.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, सुईणीच्या परंपरेत उपयुक्त व घातक अशा दोन्ही रीती होत्या. त्यांचा निवाडा सरसकट न करता रीतिनिहाय करणे आवश्यक आहे. दुसरी, प्रशिक्षणाने सुईणीचे हात स्वच्छ केले, परंतु त्या हातात रक्त थांबविणारे औषध दिले नाही; ते मिळाले ए.एन.एम.ला आणि तेही बऱ्याच उशिरा. तिसरी, रक्ताचे मोजमाप सुरू झाल्यावरच ‘जाऊ द्यावे असे रक्त’ आणि ‘थांबवावेच लागेल असे रक्त’ यांतील भेद निश्चित झाला.

आज बहुतेक बाळंतपणे रुग्णालयात होतात आणि सुईणीचे काम जवळपास संपले आहे. परंतु पूर आलेल्या नाल्यापलीकडील पोडात अवेळी कळा सुरू झाल्यावर पहिल्या तासात कोण जवळ असेल व तिच्या हाती काय असेल, हा प्रश्न संपलेला नाही. बाळंतिणीच्या मृत्यूचा दोष सुईणीच्या अज्ञानावर टाकणे सोपे होते. तिला व तिच्या गावाला साधने कोणी व का दिली नाहीत, हे तपासणे इतिहासाच्या अभ्यासकांचे काम आहे.