डोक्यावरचा दिवा : कार्बाइड ते एलईडी



या आठवड्यात आमच्याकडं थ्री फेज रात्रीची. गव्हाला पाणी चालू आहे. एका हातात फावडं, दुसऱ्या हातात बॅटरी. दारं मोडायची वेळ आली की बॅटरी काखेत नाहीतर दातात. शेवटी डोक्याला बांधायची बॅटरी घ्यायला गेलो. दुकानात दोन प्रकार होते. एक जुन्या धाटणीची : कमरेला बॅटरीचा डबा, तिथून वायर डोक्यावरच्या दिव्याला. दुसरी नवी : नुसता पट्टा, हलकी, मोबाईलच्या चार्जरवर चालणारी. कुठली घ्यावी? ठरवण्याआधी हा दिवा आला कुठून ते वाचून काढलं.

हा दिवा मुळात खाणीतला. दोन्ही हात कुदळ-फावड्याला मोकळे हवेत म्हणून खाणकामगारांनी दिवा टोपीला लावला. आधी तेलाची वात होती. १९०० साली अमेरिकेत फ्रेडरिक बाल्डविननं कार्बाइडच्या दिव्याचं पेटंट घेतलं. पुढं त्याचा छोटा अवतार टोपीवर बसला. खाली कार्बाइडचे खडे, वर पाणी. पाणी थेंबथेंब खाली पडलं की ॲसिटिलीन गॅस तयार होतो आणि तो पेटवला की पांढरी ज्योत. आंबा पिकवायला चोरून वापरतात, ज्याला कायद्यानं बंदी आहे, तेच हे कार्बाइड. खाली राख उरते ती चुन्याची.

अडचण एकच : ज्योत उघडी. कोळशाच्या खाणीत मिथेन साठतो, त्याचा भडका उडतो. १८१५ साली हम्फ्री डेव्हीनं ज्योतीभोवती बारीक जाळी बसवून सुरक्षित कंदील केला होता, पण तो हातात धरायचा. म्हणजे सुरक्षितता हवी तर हात अडकणार, हात मोकळे हवेत तर जीव टांगणीला. १९१४ च्या सुमारास एडिसनच्या विजेच्या दिव्यानं हा तिढा सोडवला. बॅटरी कमरेला, दिवा डोक्याला. दुकानातला तो जुना प्रकार याच्याच वंशातला.

नवा प्रकार आला तो एलईडीमुळं. १९९३ साली जपानमध्ये शुजी नाकामुरांनी प्रखर निळा एलईडी बनवला. त्यावर पिवळा लेप दिला की पांढरा उजेड मिळतो. या निळ्या एलईडीसाठी २०१४ साली तिघांना नोबेल मिळालं. वीज कमी लागते, म्हणून बॅटरी लहान झाली आणि कमरेचा डबा गेला.

मी नवी घेतली. हलकी आहे, वायर कशात अडकत नाही. सेल बदलता येणारी बघून घेतली, कारण आतला सेल बसला की अख्खी बॅटरी फेकावी लागते.

पण परवा रात्री एक गोष्ट कळली. बांधावर पाचोळा दिसला, पाय टाकणार इतक्यात जुनी हातबॅटरी खाली धरून बघितलं, तर घोणस! कारण साधं आहे. उजेड डोळ्यांच्या रेषेतूनच जातो, त्यामुळं वस्तूची सावली तिच्या मागं लपते आणि सगळं सपाट दिसतं. उजेड खालून, आडवा पडला की उंचवटा, वेटोळं लगेच उठून दिसतं. उलट बिबट्याचे, कोल्ह्याचे डोळे डोक्यावरच्या उजेडातच जास्त चमकतात, कारण तो चमकारा सरळ आपल्या डोळ्यांकडं परत येतो.

खाणीत साप नव्हते, म्हणून तिथं डोक्यावरचा दिवा पुरला. आपल्याला दोन लागतात : डोक्यावर कामासाठी, आणि कमरेच्या खाली एक छोटी वाटेसाठी. मी आता जुनी बॅटरी कमरेला, तोंड खाली करून बांधतो. पायात गमबूट, हातात काठी. आणि चावलाच तर मांत्रिक नाही, थेट दवाखाना.

तुम्ही रात्री दारं धरताना कुठली बॅटरी वापरता? खाली लिहा.