शब्दवेध : पेपरोनी

मुंबई-पुण्यातल्या पिझ्झाच्या मेनूकार्डावर 'पेपरोनी' हा शब्द हल्ली सतत भेटतो. वाटतो अस्सल इटालियन, पण तिखट सॉसेज या अर्थाने तो घडला अमेरिकेत.

इटलीत 'पेपेरोनी' म्हणजे ढोबळ्या मिरच्या. शब्दाचं मूळ मात्र संस्कृत 'पिप्पली', आपली औषधी पिंपळी. ग्रीकमध्ये 'पेपेरी', लॅटिनमध्ये 'पिपेर' होता होता तो काळ्या मिऱ्यांना चिकटला. 1492 नंतर अमेरिका खंडातून मिरची युरोपात पोचली, तेव्हा तिखटपणामुळे इटालियनांनी तिलाही मिऱ्यांचंच नाव दिलं. आपणही 'मिरे'वरूनच 'मिरची' म्हणू लागलो!

1880 ते 1920 या काळात सुमारे 40 लाख इटालियन अमेरिकेत आले, बहुतेक दक्षिण इटलीतले. त्यांच्या वस्त्यांत डुकराच्या आणि गाईच्या मांसात लाल मिरचीपूड घालून वाळवलेलं सॉसेज रुजलं आणि मिरचीचं नाव मांसाला मिळालं.

आज अमेरिकेत पेपरोनी म्हणजे पिझ्झावरच्या लालभडक, कडा कुरकुरीत झालेल्या चकत्या. इटलीत मात्र 'पेपेरोनी' मागितली, तर ढोबळी मिरचीच येते. तिखट सॉसेज हवं असेल तर 'सलामे पिक्कांते' म्हणावं.