तळटीप : खाणीचे गाव आणि निनावी निवेदक

प्रथमपुरुषी निवेदन, म्हणजे कथेतील पात्राने हकिगत स्वतःच्या तोंडून सांगणे, ही रीत रहस्यकथेत जुनीच होती. मात्र शेरलॉक होम्सच्या बहुतेक कथा त्याचा मित्र वॉटसन सांगतो, तर अमेरिकन लेखक डॅशिएल हॅमेट यांनी १९२३ पासून लिहिलेल्या मालेत कॉन्टिनेन्टल डिटेक्टिव्ह एजन्सीचा गुप्तहेर स्वतःच बोलतो आणि त्याचे नाव अखेरपर्यंत कळत नाही. या मालेतील ‘रेड हार्वेस्ट’ (१९२९) ही कादंबरी खाणीच्या गावात घडते, जेथे संप मोडण्यासाठी खाणमालकाने आणलेले गुंडच पुढे गाव बळकावतात. तुमसर तालुक्यातील चिखला, डोंगरी बुजुर्ग ही मँगनीजच्या खाणींची गावे ठाऊक असलेल्या भंडारा जिल्ह्यातील वाचकाला, अवघ्या गावाचे पोट खाणीवर असणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. कादंबरीत एके ठिकाणी गुंगीतून जाग येते तेव्हा या गुप्तहेराच्या हातात बर्फ फोडण्याच्या टोच्याची मूठ असते आणि टोच्याचे पाते शेजारी पडलेल्या स्त्रीच्या छातीत रुतलेले असते. खून आपणच केला काय, हे त्यालाही ठरवता येत नाही, म्हणून वाचकालाही ते कळत नाही. निवेदकच संशयित ठरावा, हे या रीतीचे खरे सामर्थ्य होय. रेमंड चँडलर यांचा गुप्तहेर फिलिप मार्लो, ज्याची पहिली कादंबरी १९३९ मध्ये आली, तो हॅमेट यांनी पाडलेल्या याच वाटेने गेला.