गव्हाचे गुपचूप सौदे

१९७२ साली सोव्हिएत संघात गव्हाच्या पिकाला मोठा फटका बसला. तेथील खरेदीदारांनी अमेरिकेतील अनेक धान्य-कंपन्यांशी वेगवेगळे, गुपचूप सौदे केले. प्रत्येक कंपनीला ठाऊक होता तो फक्त स्वतःचा सौदा. सगळ्यांची बेरीज कोणापाशीच नव्हती. ती उमगली तेव्हा उशीर झाला होता. वर्षभरात गव्हाचे भाव दुपटीहून वर गेले. दुष्काळाने गांजलेल्या भारतालाही महाग गहू आणावा लागला.

१९७३ मध्ये अमेरिकेने कायदा केला: निर्यातीचे सौदे दर आठवड्याला जाहीर करायचे. २००७-०८ च्या भाववाढीनंतर, २०११ मध्ये, जी-२० देशांनी गहू, मका, तांदूळ व सोयाबीन यांची माहिती एकत्र करणारी यंत्रणा उभारली. माहितीने धान्य पिकत नाही. पण तूट नेमकी किती हे कळले, तर निदान घबराटीची भाववाढ रोखता येते.