सुई, टोनआर्म आणि बिघडलेली जोडी

#धागा

माळ्यावर सापडलेली आजोबांची तबकडी नव्या टर्नटेबलवर लावून पाहावी, असे अनेकांच्या मनात येते. मित्रांनो, लावण्यापूर्वी थोडे थांबा. सुई कोणती, ती ज्या कार्ट्रिजमध्ये आहे ते कोणत्या टोनआर्मला बसवले आहे आणि त्या दोघांचे जमते का, या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे. जोडी चुकली तर किंमत तबकडी मोजते.

चावीच्या ग्रामोफोनच्या काळात हिशेब अगदी राकट होता. साउंडबॉक्सचा शंभर ग्रॅमहून अधिक भार पोलादी सुईवर आणि सुईमार्फत तबकडीवर पडे. लाखेच्या मिश्रणात दगडाची बारीक पूड असे. ती सुईला घासून खाचेच्या आकाराची करी. म्हणून दर बाजूला नवी सुई.

तरीही भूमितीचा विचार तेव्हाच सुरू झाला होता. मूळ तबकडी कोरणारे यंत्र सरळ रेषेत सरकते, वाजवणारा टोनआर्म मात्र कमानीत फिरतो. त्यामुळे सुई खाचेला तिरकी पडते. इंग्लंडमध्ये पर्सी विल्सन यांनी १९२४ मध्ये, स्वीडनमध्ये लोफग्रेन यांनी १९३८ मध्ये आणि पुढे १९४१ मध्ये बेअरवाल्ड यांनी यावर गणित मांडले. आज कार्ट्रिज बसवताना वापरली जाणारी कोनमापकाची पट्टी याच गणितावर आधारलेली असते.

जून १९४८ मध्ये कोलंबियाने लाँग प्ले तबकडी आणली आणि राकटपणाचे दिवस संपले. विनाइल मऊ, खाच अरुंद. सुईच्या टोकाची त्रिज्या इंचाच्या सुमारे तीन सहस्रांशांवरून एक सहस्रांशावर आली. भार काही ग्रॅमवर आणणे भागच होते.

दुसरा धक्का स्टिरिओचा. ॲलन ब्लुमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ मध्येच त्याचे पेटंट मागितले होते : एकाच खाचेच्या दोन भिंती, प्रत्येकीवर एक ध्वनी. १९४२ मध्ये रडारच्या चाचणीदरम्यान विमान कोसळून तो वारला, अवघ्या ३८ व्या वर्षी. स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या त्या १९५७-५८ च्या सुमारास. आता सुईला आडवे हलण्याबरोबर वरखालीही हलावे लागे. जुन्या मोनो पिकअपची सुई उभ्या दिशेने ताठ. ती स्टिरिओ खाच खरवडून काढी.

म्हणून सुईच्या दांडीचा रबरी आधार मऊ झाला. या मऊपणाला लवचीकता म्हणू. आणि येथेच खरी अडचण उभी राहिली. मऊ स्प्रिंगला वजन टांगले की ते आपल्या ठरावीक गतीने डोलू लागते. टोनआर्म आणि कार्ट्रिज हे ते वजन, सुईचा आधार ही स्प्रिंग. वाकलेली तबकडी ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाने सेकंदाला अर्ध्याहून थोडे अधिक वेळा आणि त्याच्या पटींत हेलकावे देते. संगीत साधारण २० हर्ट्झपासून सुरू होते. डोलण्याची गती या दोहोंच्या मधे, ८ ते १२ हर्ट्झवर बसली पाहिजे.

सूत्र सोपे आहे : वस्तुमान ग्रॅममध्ये घ्या, त्याला लवचीकतेच्या आकड्याने गुणा, वर्गमूळ काढा आणि १५९ ला त्याने भागा. टोनआर्मचे १२ आणि कार्ट्रिजचे ६ मिळून १८ ग्रॅम, लवचीकता १४. उत्तर १० हर्ट्झ. उत्तम! मात्र टोनआर्मचे हे वस्तुमान तराजूवरचे नव्हे. सुईला जाणवते तेवढेच मोजायचे. दार ढकलताना बिजागरीजवळचे वजन फारसे जाणवत नाही, कडेचे जाणवते, तसेच हे.

शुअर कंपनीचे व्ही-१५ कार्ट्रिज १९६४ मध्ये आले आणि एक-दीड ग्रॅम भारावर वाजू लागले. मग मऊपणाची जणू चढाओढच लागली. लवचीकता ३५ चे कार्ट्रिज २५ ग्रॅमच्या जड टोनआर्मला लावले की उत्तर ५ हर्ट्झच्या आसपास येई. तबकडीच्या प्रत्येक वाकावर सुई उड्या मारी. म्हणून टोनआर्म हलके झाले. एसएमई कंपनीच्या मालिका-३ चा टोनआर्म सुमारे ५ ग्रॅमवर आला.

आणि मग वारे फिरले. मूव्हिंग कॉइल जातीची ताठ कार्ट्रिज पुन्हा लोकांना आवडू लागली. जपानच्या एनएचके या प्रसारणसंस्थेच्या सहकार्याने १९६४ च्या सुमारास घडलेले डेनॉनचे डीएल-१०३ हे त्यांतले नामांकित. हलक्या टोनआर्मवर ते शोभत नाही. डोलणे वर सरकून खर्जाच्या दिशेने जाते. त्याला जड टोनआर्मच हवा. त्यामुळे ‘महागडा टोनआर्म म्हणजे चांगला टोनआर्म’ हे समीकरण मला कधीच पटले नाही. एक खाचखळगाही सांगतो : जपानी कंपन्या लवचीकता बहुधा १०० हर्ट्झवर मोजतात. तो आकडा सूत्रात घालण्यापूर्वी दीडपट ते दुप्पट करावा लागतो.

आता आजोबांची तबकडी. ती बालगंधर्वांच्या नाट्यपदाची, लाखेची असेल, तर एलपीची बारीक सुई तिच्या रुंद खाचेच्या तळाशी जाऊन घासते आणि सुरांऐवजी खरखर गोळा करते. तिला तीन सहस्रांशांची जाड सुई हवी आणि ७८ चा वेग. कार्ट्रिज तेच ठेवून केवळ सुई बदलण्याची सोय असेल, तर टोनआर्मचा हिशेब फारसा बदलत नाही. भार मात्र त्या सुईच्या कागदावर दिला असेल तोच ठेवावा.