आरक्षणाची खिडकी आणि नियमांची स्मृती

शासकीय संगणकप्रणाली जुनी झाली की ती नव्या भाषेत उतरवून घेण्याचा प्रस्ताव पुढे येतो. त्यात यंत्रे, परवाने, खर्च आणि मुदत यांचा तपशीलवार हिशेब असतो. जुन्या प्रणालीत नेमके काय साठले आहे, याचा विचार मात्र क्वचितच आढळतो. या दृष्टीने रेल्वेच्या आरक्षण-प्रणालीचा इतिहास मला फार उद्बोधक वाटतो.

१९८५ पूर्वी आरक्षण म्हणजे गाडीवार, तारीखवार नोंदवह्या. त्या वर्षी नवी दिल्लीत 'इम्प्रेस' ही प्रणाली सुरू झाली. सीएमसी या तत्कालीन सरकारी कंपनीने फोरट्रान भाषेत लिहिलेली ही प्रणाली डिजिटल कंपनीच्या व्हॅक्स संगणकावर चाले. पुढे मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि सिकंदराबाद येथेही संगणकीय आरक्षण आले. पण ही पाच केंद्रे म्हणजे जणू पाच स्वतंत्र संस्थानेच होती. कलकत्त्यात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाच्या परतीच्या गाडीच्या जागा मुंबईच्या साठ्यात असत आणि कलकत्त्याच्या संगणकाला त्यांची खबर नसे.

१९८६ साली स्थापन झालेल्या 'क्रिस' या रेल्वेच्या संस्थेने सी भाषेचा आधार घेऊन या प्रणालीची पुनर्रचना केली. 'कॉन्सर्ट' नावाची ही प्रणाली १९९४ मध्ये प्रथम सिकंदराबादला सुरू झाली आणि १९९९ पर्यंत पाचही केंद्रे जोडली गेली. जुन्या प्रणालीचे केवळ ओळीस ओळ भाषांतर केले असते, तर पाच संस्थाने नव्या भाषेतही पाचच राहिली असती. येथे आधी प्रवाशाची गरज विचारात घेतली गेली: कोणत्याही खिडकीवर कोणत्याही स्थानकापासूनचे तिकीट मिळावे. भाषांतर त्यानंतर आले.

तथापि खरी अडचण याच्याही खाली असते. कोटा, सवलती, आरएसी, प्रतीक्षा यादी यांचे नियम परिपत्रकांत आहेत असे आपण मानतो. पण एखादे तिकीट रद्द झाले की रिकामी जागा कोणाला मिळावी, हे प्रत्यक्षात प्रोग्रॅम ठरवतो. वर्षानुवर्षे दुरुस्त्या होत गेल्या की परिपत्रक मागे पडते आणि प्रोग्रॅम करील तोच नियम होऊन बसतो. ते लिहिणारे निवृत्त झाले, की कार्यालयाची स्मृती केवळ त्या ओळींतच उरते.

यंत्रे तर त्याहून अल्पायुषी. डिजिटल कंपनी १९९८ मध्ये कॉम्पॅकमध्ये विलीन झाली. २०१० पासूनची आरक्षण-प्रणाली इटॅनियम सर्व्हर व ओपन व्हीएमएसवर चालते, असे रेल्वेने २०२५ मध्ये सांगितले. इंटेलने तर इटॅनियमचा पुरवठा २०२१ मध्येच थांबवला होता. त्याच वेळी किमान चौपट क्षमतेच्या नव्या प्रणालीची घोषणाही झाली. हे स्थलांतर अटळच होते.

मात्र कोडचे भाषांतर कंत्राटाने करून घेता येते. नियम ठरवण्याची जबाबदारी कंत्राटाने देता येत नाही. म्हणून प्रत्येक स्थलांतरापूर्वी जुन्या कोडमधील नियम साध्या भाषेत लिहून काढावेत आणि ते योग्य आहेत अशी सही जबाबदार अधिकाऱ्याने करावी, असे माझे मत आहे. गणपतीला गावी जाण्यासाठी प्रतीक्षा यादीत ताटकळणाऱ्या प्रवाशाला संगणकाची भाषा कळण्याची गरज नाही. आपला क्रमांक कोणत्या नियमाने पुढे सरकला किंवा सरकला नाही, हे विचारण्याचा अधिकार मात्र त्याला आहे, आणि त्याचे उत्तर प्रशासनाला देता आले पाहिजे.