व्हायोलिनचं छिद्र आणि कारागिराचं ज्ञान

‘माहीत असणं’ आणि ‘करता येणं’ यांत वरचढ काय, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न. आज आपण तो व्हायोलिनला विचारू या.

व्हायोलिनच्या वरच्या फळीवर, घोडीच्या दोन्ही बाजूंना, इंग्रजी एफ अक्षरासारखी दोन छिद्रं असतात. कशासाठी? आपण चटकन म्हणतो, आवाज बाहेर पडायला. पण हे उत्तर अपुरं आहे. तारेचं कंपन घोडीतून फळीला मिळतं. फळी हलली की पेटीतली हवा छिद्रांतून आत-बाहेर करू लागते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती घुमते ना, तसंच. हा घुमार सेकंदाला साधारण २७० कंपनांच्या आसपास असतो आणि खालच्या स्वरांना बळ देतो.

आता इतिहास बघा. दहाव्या शतकात युरोपातल्या अशा वाद्यांना गोल छिद्रं होती. पुढे अर्धवर्तुळं आली, मग सी अक्षराचा आकार, आणि सोळाव्या शतकात एफ. इटलीतल्या क्रेमोना गावात आमाती, स्त्रादिवारी, ग्वार्नेरी यांच्या हातून ही छिद्रं हळूहळू लांब होत गेली. का? २०१५ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी ४७० वाद्यांची मापं तपासली. त्यांचं म्हणणं असं, की हवेचा जोर छिद्राच्या मधोमध नसतो, कडेलगत असतो. म्हणजे क्षेत्रफळापेक्षा परीघ महत्त्वाचा. अरुंद, लांब छिद्राला तेवढ्याच क्षेत्रफळात कड जास्त मिळते.

कारागिरांना हे ठाऊक होतं का? संशोधक म्हणतात, कोरताना होणाऱ्या बारीक चुकांतूनही हे घडलं असेल. असेल, पण चूक हाताची, निवड कोणाची? चांगलं वाजलेलं वाद्य ओळखून पुढचं त्याच्यासारखं करणारा कान होताच ना!

उलट, १८१९च्या सुमारास फेलिक्स सावार या फ्रेंच शास्त्रज्ञानं विचारपूर्वक नवं व्हायोलिन आखलं. आकार समलंब चौकोनी, छिद्रं सरळ चिरांसारखी. ते काही रुजलं नाही. म्हणून सिद्धान्त फुकट, असं आम्ही म्हणत नाही. कडेचं रहस्य शेवटी गणितानंच उलगडलं.

पण आम्ही जन्मभर वर्गात सांगत आलो, की कारण सांगता येतं तेच ज्ञान. क्रेमोनाच्या कारागिराला त्या परीक्षेत आम्ही नापास केलं असतं. आज वाटतं, प्रश्नपत्रिकाच अपुरी होती. तुम्हांला काय वाटतं? पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करू.